ओजिमाकाकांचा चहा आणि चालू घड्याळ

घड्याळ थांबल्याशिवाय ओजिमाकाका चहा ओतत नसत. समोर कॉलेजच्या पोरांची फुटबॉल मॅच, तीही अमेरिकन पद्धतीची, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायची. थंडीने बोटं वाकडी झालेली, तरी थर्मासला हात लावायची सोय नाही. आपल्या टीमने दहा यार्ड पार केले की पंच घड्याळ थांबवायचे, तेवढ्या वेळात काका चहा ओतायचे. "घड्याळ चालू असताना चहा पिणं म्हणजे खेळाचा अपमान," असं त्यांचं म्हणणं.

ते इथे जपानात ओजिमाला राहायचे, म्हणून ओजिमाकाका. तरुणपणी मुंबईहून एका ट्रेडिंग कंपनीच्या कामासाठी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या जपानी साहेबांनी त्यांना स्वतःच्या कॉलेजची मॅच दाखवली, आणि तेव्हापासून "साहेबांचं कॉलेज ते आपलं कॉलेज." साहेब गेले, काकूही गेल्या, पण काकांची मॅच चुकली नाही. इथल्या मराठी गणपतीत त्यांची-आमची ओळख झाली, आणि मॅचला काकूंच्या खुर्चीवर माझी अकरा वर्षांची ईरा जाऊन बसली.

इथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. लपवायचं कशाला?

आम्ही ओजिमापासून जवळच, हिगाशी-कसाईत राहतो. घरी मी मराठीत विचारणार आणि ईरा जपानीत उत्तर देणार, हे ठरलेलं. "जेवलीस का गं?" "ताबेता." अगं, 'जेवले' म्हणायला काय जीभ झिजते? आणि हीच कार्टी काकांशेजारी बसली की घडाघडा मराठी! कारण साधं होतं. इथले प्रेक्षक पंचांवर ओरडत नाहीत, आणि काकांना ओरडल्याशिवाय मॅच पचत नसे. म्हणून ते मराठीत ओरडत. "अहो पंच, डोळे आहेत की शर्टाची बटणं?" कुणाला कळत नाही, कुणाला लागत नाही. हा गुपचूप कारभार ईराला भलताच आवडला. नऊ वर्षं गोष्टी सांगून, श्लोक म्हणून घेऊन मला जे जमलं नाही, ते या माणसाने चार रविवारांत केलं. अस्सा राग आला म्हणून सांगू!

नियम बदलले की काकांना चेव यायचा. किक झाल्यावर पळायच्या आधी हात वर करून बॉल झेलला, तर तो आयता पंचवीस यार्डांवर मिळेल, असा नियम आला. काका म्हणाले, "हे म्हणजे रांगेत उभं न राहता प्रसाद!" घरी ईरा अंघोळ करताना ओरडत होती, "आयतं! फुकटचं!" मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. पाठ करवून घेतलेल्या एकाही श्लोकाला असा आवाज लागला नव्हता.

मग तो घड्याळाचा नियम आला. दहा यार्ड पार झाले तरी आता घड्याळ थांबणार नाही, फक्त मॅचच्या प्रत्येक अर्ध्या भागातल्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबेल. मैदानावर घोषणा झाली. आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या, एक आजोबा "शोगानाय" म्हणाले, म्हणजे इलाज नाही, आणि सगळे शांत. काका मात्र उभे राहिले. "अरे, मग माणसाने चहा प्यायचा कधी?" त्यांना वाटलं असतं तर ते केव्हाही पिऊ शकले असते. पण नाही! थर्मास बंद तो बंद. शेवटची दोन मिनिटं आली की मात्र दोघं कपामागून कप रिचवायची आणि हसायची. हे मला ईराने सांगितलं नाही, काकांनी सांगितलं.

मीही हार मानणारी नव्हे. फोनवर सगळे नियम वाचून काढले आणि जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आता घड्याळ थांबत नाही ना गं?" तिने वर पाहिलं आणि जपानीतच विचारलं, "काकांनी सांगितलं का?" म्हणजे श्रेय पुन्हा काकांनाच!

गुडघे थकल्यावर काका मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले. जायच्या आधी आमच्याकडे जेवायला आले. थर्मास ईराच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "वहिनी, पोरीचं मराठी सांभाळा हं." मनात म्हटलं, सांभाळते हो, आधी माझ्या हाती तरी लागू दे! प्रत्यक्षात मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. ते गेल्यावर ईरा कितीतरी दिवस घरात जपानीसुद्धा धड बोलली नाही. तेव्हा मात्र मलाच काकांना फोन करून परत बोलवावंसं वाटलं.

या मोसमातल्या पहिल्या मॅचला मी तिच्याबरोबर गेले. चहा मीच केला होता, आलं जरा जास्त घालून. वारा बोचरा होता. आपल्या टीमने दहा यार्ड पार केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खुशीत थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं. ईराने माझा हात धरला.

"आई, आत्ता नाही. घड्याळ चालू आहे. शेवटची दोन मिनिटं येऊ देत."

स्वच्छ मराठी. किती महिन्यांनी! शब्द काकांचे, ठसकाही काकांचाच, मला काय कळत नव्हतं? पण 'आई' तेवढं तिचं स्वतःचं होतं. मी झाकण घट्ट लावलं आणि तिच्यासारखीच घड्याळाकडे बघत बसले.