मर्व्ह टकवेलची दुनळी

आमच्या विरांबी गावात मर्व्ह टकवेलइतका नेटका माणूस दुसरा नाही. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या ओळीत असतात. आजोबांची शंभर वर्षांची दुनळी बंदूक त्याच्याकडे आली, तेव्हा तिची काडतुसं मिळणं कधीच बंद झालं होतं. म्हणून तो घरीच भरू लागला. दारू तोलायची, उरलेल्या पोकळीत चिमूटभर सावरीचा कापूस घालायचा, वर शिशाची गोळी बसवायची.

अडचण एकच. दुनळीच्या दोन्ही नळ्यांनी एकाच जागी मारायला हवं, आणि त्यासाठी दारूचं वजन नेमकं लागतं. मर्व्हची उजवी नळी उजवीकडे मारी, डावी डावीकडे. मध्ये त्याची टोपी मावेल एवढं अंतर. नऊ वर्षं तो कणाकणाने दारू कमीजास्त करत होता.

कापूस येत होता तो त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या, आईच्या सोफ्यातून. नोरीनला हे कळलं ते पाद्रीसाहेब त्यावर बसले आणि थेट लाकडाला टेकले तेव्हा. शनिवारी बंदुकीला गिऱ्हाईक बोलावलंय, असं तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तोवर निशाणाच्या पुठ्ठ्यावरची दोन भोकं एका बशीखाली झाकली गेली नाहीत तर बंदूक जाणार. मर्व्ह जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं कोरड्या ओढ्यात गेलो. मी शेजारी, म्हणून पुठ्ठा लावायचं काम माझं. मर्व्ह तिथे मांडलेल्या टेबलाशी बसला, नळ्या वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबल्या, श्वास रोखला. दोन बार झाले. मी जाऊन पाहिलं. तिथूनच टोपीएवढं अंतर हातांनी दाखवलं.

"नऊ वर्षं, मर्व्ह," नोरीन म्हणाली. "माझ्या आईचा अख्खा सोफा त्या नळ्यांतून उडवलास."

"थोडा उरलाय अजून," तो हळूच म्हणाला.

"आण ती इकडे. विकण्याआधी एकदा मला तरी मारू दे."

नोरीनने तीस वर्षं मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीला रांधून घातलंय. तिच्या दंडांना टेबल लागत नाही. उभ्याउभ्याच तिने दोन्ही चाप ओढले, एकापाठोपाठ एक.

या वेळी मी पुठ्ठाच उचलून आणला. माझ्या शब्दावर मर्व्हचा विश्वास बसला नसता. नवी दोन भोकं एकमेकांना चिकटून होती.

मर्व्हने पुठ्ठा हातात घेतला, मग टेबलावरच्या वाळूच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्याचं त्यालाच उलगडलं. ज्या कारागिराने ही बंदूक केली, त्याने ती हातात धरूनच मारून पाहिली होती. धक्क्याने ती हातात जशी उसळते, त्या हिशेबाने नळ्या बसवल्या होत्या. पिशवीवर दाबून धरली की ती तशी उसळतच नाही. दारूचं वजन बहुधा पहिल्याच वर्षी बरोबर आलं होतं.

"म्हणजे तुला फक्त उठून उभं राहायचं होतं," नोरीन म्हणाली.

मर्व्ह उभा राहिला. त्याने मारलं, भोकांत दीड बशीचं अंतर पडलं. तिने पुन्हा मारलं, पुन्हा चिकटून.

शनिवारी गिऱ्हाइकाला नोरीनने दारातूनच परत पाठवलं. ईस्टरच्या नेमबाजीत ती स्वतः उतरली, आणि मर्व्ह काडतुसांची पेटी धरून तिच्या मागे उभा राहिला. बंदूक कोणाची, असं लोक विचारत तेव्हा तो हनुवटीने तिच्याकडे दाखवी.

"काडतुसं भरतो मी," एवढं मात्र कुणी न विचारता सांगे.