अण्णांनी दिलेला निकाल

आमच्या घराण्यात आजवर एकच न्यायाधीश झाले. माझे वडील, तेही फक्त अर्ध्या तासासाठी.

मी तेव्हा लातूरला वकिलीच्या पहिल्या वर्षाला होते. (म्हणजे कायदा कमी, हातवारे जास्त!) चाकूरच्या आमच्या वस्तीत जयंतीला नाटक बसवलं. लिहिलं मीच. एका तरुणावर घड्याळचोरीचा आळ. पुरावा काही नाही, फक्त तो आमच्यासारख्या वस्तीतला. त्याची वकीलही मीच! आरोपी माझा चुलतभाऊ मिलिंद, सरकारी वकील काका, न्यायाधीश अण्णा. अण्णांना एकच वाक्य होतं, "आरोपी दोषी आहे, तुरुंगात न्या." मग तिसरा अंक तुरुंगात, अन् शेवटी सगळ्यांनी रडायचं.

त्या संध्याकाळी माझं भाषण काय रंगलं म्हणून सांगू! "न्यायाधीश महाराज, या तरुणाचा गुन्हा एकच, त्याचा पत्ता!" टाळ्या! "चोरी झाली की बोट आधी आमच्याच वस्तीकडं का वळतं?" पुन्हा टाळ्या! पुढच्या रांगेत आई पदरानं डोळे पुसत होती. ते बघून मी भाषण आणखी लांबवलं.

मग अण्णा उभे राहिले. मिलिंदकडं बघत म्हणाले, "पोरा, जा घरी. तू निर्दोष हायस."

काका दबक्या आवाजात म्हणाले, "दादा, दोषी म्हणा, दोषी!"

"कामून म्हणू? पुरावा कुठं हाय?"

"आवो, तिसरा अंक तुरुंगात हाय!"

"मंग तुरुंग रद्द!"

हवालदार झालेल्या शेजाऱ्याला आरोपीला ओढत न्यायचं, एवढंच पाठ. त्यानं मिलिंदची कॉलर धरली. आई ओरडली, "सोड त्याला! साहेबांनी सोडलंय न्हवं?" (लग्नानंतर पहिल्यांदाच अण्णा 'साहेब' झाले!) अर्धी वस्ती स्टेजवर चढली. मिलिंद लोकांच्या खांद्यावर, पडदा लोकांच्या पायाखाली, अन् माझा तिसरा अंक कायमचा पेटीत!

घरी चहा पिताना मी अभिमानानं फुगले होते. शब्दांच्या जोरावर न्यायाधीश फिरवला होता मी! "अण्णा, माझं कोणतं वाक्य काळजाला लागलं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "पोरी, शाळंत असताना माझ्यावर बी असाच आळ आलता. तवा 'जा घरी' म्हणणारं कुणी न्हवतं. मिलिंदचं तोंड बघून ऱ्हावलं न्हाई बघ."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. तरी विचारलंच, "अन् माझं भाषण?"

"लई चांगलं होतं," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "पण पोरगं निर्दोष हाय, हे मला पहिल्याच अंकात कळलतं. तुझं कवा संपतंय, याचीच वाट बघून राहिलो होतो!"