कोऱ्या कागदाखालची ओळ

कॉम्प्युटर यायच्या आधी जुन्नरच्या कोर्टात जुनी रजिस्टरं सांभाळणारे एक कारकून होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही. माझं मात्र त्यांनी अर्जावर दोनदा वाचलं. मुलीला निमगाव सावाचं स्थळ आलं होतं. मुलगा कधी दारू पिऊन गाडी चालवताना सापडलाय का, एवढंच मला पाहायचं होतं. ते ओल्या स्पंजावर बोट टेकवून पान उलटत आणि बाकीच्या ओळींवर कोरा कागद धरत. दुसऱ्याची अब्रू दिसू नये म्हणून.

मुलाचं नाव निघालं नाही. मी रुबाबात म्हणालो, "नीट बघा हं. आमचं घराणं निर्व्यसनी आहे."

त्यांनी आणखी जुनं रजिस्टर काढलं आणि कागद हळूच खाली सरकवला. ओतूर रस्ता, मोटारसायकल, माझं नाव. घरी मी 'दिवा बंद होता म्हणून दंड झाला' असं सांगितलं होतं.

"मुलाचे वडील गेल्या आठवड्यातच बघून गेले, भाऊ."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणले, आमाला सून न्यायचीय. तिच्या बापाला कुठं गाडी चालवाया द्यायचीय?"

लग्नात नवरदेवाची जीप मागं घ्यायला मी पुढं झालो. व्याह्यांनी हसत किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.