झाकण हातात

सिंधीपुऱ्यात कुकर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. शिट्टी तपासताना म्हणतो, "ऐका भाऊ, कशी गाते!" बसने इच्छापूरच्या बाजाराला निघाला की कुकर पिशवीत आणि झाकण हातात. मागे कुठेतरी बॉम्बस्फोट झाला, तेव्हा पोलिसांनी नाव विचारून त्याला बंद कुकरसकट बसमधून उतरवलं आणि दिवसभर चौकीत बसवलं.

"तेव्हापासून दोघांची फारकत करून टाकली," तो हसत सांगतो.

परवा माझा कुकर दुरुस्त झाला. मीही झाकण वेगळं घेतलं. त्याने ते माझ्या हातून काढून घट्ट बसवलं.

"तुम्ही बंदच न्या भाऊ. तुमचं नाव चालतं."

बसस्थानकावर तपासणी चालू होती. हवालदाराने माझं नाव विचारलं. कुकरकडे त्याने पाहिलंही नाही.