वहीतला अशक्तपणा

“लिव, मास्तरीनबाई. आंग इसरते, कागद इसरत नाई.”

दिवेलागणीच्या आधी माझ्या ओट्यावर बसकण मारून शेजारची ती असं म्हणायची आणि कमरेला खोचलेली वही माझ्यापुढे टाकायची. मी कसली मास्तरीण! भावांच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवलेली बाई. पण घाटंजीकडच्या आमच्या खेड्यात, आमच्या गल्लीतल्या बायांत लिहिता येणारी मी एकटी, म्हणून हे नाव.

त्या वर्षांत कपाशीवर अळी सुटली होती आणि शेतांचे मालक औषधावर औषध मारायला लावायचे. हातमोजे मात्र कुणी देत नव्हतं. तिचा नवरा पाठीवर पंप घ्यायचा, ती ड्रममध्ये पाणी भरायची. एका हंगामात तिचा दीर फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पडला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कोणतं औषध, किती दिवसांपासून? डब्ब्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दीर वाचला, पण डोळे अधू झाले. ती परत येताना दुकानातून वही घेऊनच आली.

“लिव, आज लाल डब्ब्याचं मारलं. पोरीच्या बापाचे हात कापून राह्यले. डोयातून पानी.”

डब्ब्यावरचा कागद कापून ती शिताने वहीत चिकटवायची. त्या वासाची मला अशी किळस, की वही हातात घेतली की घास उतरत नसे. मी नाकाला पदर लावला की ती हसायची. “तुले निसता वास येते तं असं. तो दिवसभर पेते त्याले.”

सलग दोन संध्याकाळी हात कापल्याचं लिहिलं, की नवऱ्याचं फवारणं बंद. तो चिडायचा, “बायको हाये का दवाखाना?”

“दवाखान्यात निजाले नेऊ काय? त्यापक्षा घरीच निज.”

पारावरची माणसं तिला पाहून “आली कलेक्टरीन” म्हणत. म्हणू देत. त्या गल्लीतल्या फवारणाऱ्यांत धड राहिला तो तिचाच नवरा.

वही मागून उघडली की तिचं स्वतःचं पान. ते बहुतेक कोरंच असायचं. एक दिवस आजूबाजूला पाहून ती हळूच म्हणाली, “लिव, डाव्या थानात गाठ हाये. बोराएवढी. दुखत नाई.”

माझा पेन थांबला. ही वही तिचा जावई वाचणार, तपासणीच्या शिबिरातले बाप्ये डॉक्टर वाचणार. आमच्याकडे बाईचं असलं काही कागदावर जात नाही. अंगावरून जाणं असो की आणखी काही, चारचौघांत त्याला एकच नाव असतं. मी तेच लिहिलं: अशक्तपणा. पेन हलताना पाहून तिचं समाधान झालं.

पुढच्या महिन्यात ती म्हणाली, लिंबाएवढी झाली. मी लिहिलं, अशक्तपणा. तिसऱ्यांदाही तेच.

“दाखव वं कोनाले,” मी म्हटलं.

“दाखवतो ना. वही हाये आपल्यापाशी.”

गावात शिबीर लागलं. मी दारातून पाहत होते. डॉक्टरनं वही दोन बोटांनी अशी उचलली, जशी मेलेली पाल. शेवटचं पान पाहिलं, “वा, छान लिहून ठेवलं,” म्हणाला आणि मान वर न करता रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. ती बाहेर आली ती खुशीत.

“गाठीचं बोलली का त्यायले?”

“कागद बोलून राह्यला, मी कायले मधात बोलू?”

तेव्हा तरी मी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. थू माझ्या जिभेवर!

पुढच्या वेचणीच्या वेळी आम्ही तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई तपासून चिडलीच. “एवढी वाढेपर्यंत काय करत होता?”

हिनं ऐटीत वही पुढे केली. “वाचा. सारं लिवलं हाये त्यात.”

डॉक्टरीणबाईनं मोठ्यानं वाचलं. “अशक्तपणा. अशक्तपणा. अशक्तपणा.”

ही माझ्याकडे वळली. “मी गाठ म्हनलं होतं ना वं?”

“हो.”

“मंग?”

त्या मालकांची मला किळस येते, पाल धरल्यासारखी वही धरणाऱ्या त्या डॉक्टरची येते. पण सगळ्यात जास्त येते ती माझ्या त्या सभ्य, धुतल्यासारख्या शब्दाची. डब्ब्यांच्या कागदांना नाक मुरडणारी मी! सगळ्या वहीत घाण वास मारणारी ओळ तेवढी माझीच निघाली.

नंतर ती खाटेला लागली. मीच वही घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. वाटलं होतं, हाकलेल. तिनं हाकललं नाही.

“लिव. जखम वाहून राह्यली. वास मारते.”

मी शब्दाला शब्द लिहिला.

“वाच.”

इतक्या वर्षांत तिनं एकदाही वाचून दाखवायला सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक ओळ वाचायला लावायची. डोळे मिटून ऐकायची, ओठ हलवायची, आपलेच शब्द आहेत याची खातरी झाली की “हं” म्हणायची आणि मगच पुढचं सांगायची.

एका सकाळी मी ओळ वाचली. “हं” आलं नाही. मी पुन्हा वाचली, जरा मोठ्यानं.