ट्यूना मोजणारी मेंढपाळाची लेक

आमचं गाव साताऱ्यात, पण बाजार सांगलीत. माण आणि आटपाडी यांच्या मधल्या माळावर आम्ही राहतो. मेंढरं चरत चरत थोडी पुढे गेली की जिल्हा बदलतो, आणि ते ना मेंढरांच्या लक्षात येतं ना आमच्या. समुद्र इथून इतका लांब की लहानपणी तो मला फक्त शाळेतल्या नकाशावर ठाऊक होता. आणि अशा गावात बसून मी खोल समुद्रातल्या ट्यूना माशांचा साठा किती उरलाय याचा अंदाज काढते. हसा खुशाल. सगळेच हसतात.

ऑफिस किनाऱ्यावरच्या शहरात आहे, पण आकडे कुठूनही बघता येतात, म्हणून वर्षातले काही महिने मी घरून काम करते. फोनला रेंज फक्त शेडातच येते, त्यामुळे माझं टेबल कोकरांच्या शेजारी. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझं बोलणं सुरू झालं की मागून कोकरं ओरडायला लागतात. ऑफिसातल्या लोकांना आता त्याची सवय झालीय. एखाद्या दिवशी ओरडली नाहीत तर विचारतात, सगळं ठीक आहे ना म्हणून.

गावातल्या बायका आईला विचारायच्या, पोरगी नक्की करते काय? आई सांगायची, समुद्रातली मासळी मोजते. मग त्या मला विचारायच्या, पाण्यात उतरून मोजतीस व्हय? मी चिडायचे. मला राग यायला वेळ लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आईचं ते सांगणं वेगळ्याच कारणानं आवडायचं नाही. त्यांना 'मोजते' हा शब्दच खटकायचा. आमच्यात जित्राबं मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते आणि कळप आटतो. आबा संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी, म्हणजे मेंढरं कोंडायला जे जाळीचं कुंपण घालतात त्याच्या तोंडाशी, उभे राहतात आणि एकेकीचं तोंड बघून आत घेतात. एक जरी कमी असली तरी त्यांना कळतं. पण किती आहेत असं विचारलं की म्हणतात, हायत थोडी. अशा माणसाची लेक मोजण्याची नोकरी करते म्हटल्यावर चारचौघांत सांगायचं कसं?

एकदा त्यांना नीट समजावलं. म्हटलं, आबा, मोठ्या बोटी खोल समुद्रात जातात. मैलोन् मैल लांब दोरी पाण्यात सोडतात, तिला गळ लावलेले असतात. किती गळ टाकले, कुठं टाकले आणि किती मासे लागले, एवढं बोटवाले कळवतात. दर हजार गळांमागे किती मासे लागले ते आम्ही बघतो. गळ तेवढेच आणि मासे कमी कमी लागत चालले, तर पाण्यात मासळी विरळ होतेय असं धरायचं. ऐकायला सोपं आहे, पण बोटवाले काही दूधखुळे नसतात. नवं यंत्र बसवलं, माशांचा ठावठिकाणा लागला, की समुद्रात मासे कमी झाले तरी गळाला पहिल्यासारखेच लागतात. तेवढं वजा करायचं, हे माझं खरं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही? मी म्हटलं, कुणालाच नाही, आम्ही फक्त एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असं सांगतो. आबांचा चेहरा एकदम खुलला. मग चांगली नोकरी आहे म्हणाले.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मात्र आमच्या गावाला खरा आकडा हवा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी मेंढरांना लस टोचावी लागते. कोवळं गवत खाऊन एक रोग होतो, आणि संध्याकाळी धडधाकट असलेलं मेंढरू सकाळी आडवं पडलेलं सापडतं. त्याच्या आदल्या वर्षी लस कमी पडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रत्येकानं नेहमीप्रमाणे 'हायत थोडी' म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी तेवढीच लस आणली, आणि रांगेत मागे राहिलेल्यांची मेंढरं तशीच राहिली. त्यांत आबांची होती. त्या पावसाळ्यात आबांनी स्वतःच्या हातानं खड्डे खणले. ज्या मेंढीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, तिच्यासाठी वेगळा खणला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या मेंढीलासुद्धा ठसका लागला की आबा उठून बघायला जायचे. यंदा पुन्हा तसं झालं तर हा माणूस मेंढरंच विकून टाकेल, अशी आईला धास्ती होती. मला तर मेंढरांशिवायचे आबा डोळ्यांपुढे आणताही येत नव्हते.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर आधीच आले. देवळासमोरच्या लिंबाखाली सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं. पुन्हा तेच. ज्याचा कळप रस्त्यावर आला की एसटीला थांबावं लागतं, तो म्हणाला, असतील दहापाच. डॉक्टर वैतागले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ताई, तुम्ही समुद्राच्या तळाचे मासे सांगता म्हणे, ही तर डोळ्यांसमोरची मेंढरं आहेत.

झालं. मी पेटले. आमच्या गावातून वर्षभरात बाजारात किती कोकरं गेली ते मी व्यापाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. बोटींच्या मासळीवरून समुद्रातला साठा काढतो, तसंच बाजारातल्या कोकरांवरून माळावरची मेंढरं काढली. आणि सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात, आकडा सांगून मोकळी झाले.

अख्ख्या गावाची मेंढरं मी चारचौघांत मोजली होती. माझ्या चुलतीनं जमिनीवर तीनदा थुंकून मलाही थुंकायला लावलं. आई मीठ-मिरच्या आणायला घराकडे पळाली. पण पुरुषमाणसांचे चेहरे बघावेत तर खुललेले. कारण आकडा फारच कमी होता. एवढा कमी आकडा ऐकून दृष्टसुद्धा वाट चुकेल अशा खुशीत सगळ्यांनी माना डोलावल्या, बराबर हाय, अक्षी बराबर हाय म्हणाले. डॉक्टरांनी आनंदानं लिहून घेतलं आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी कळप परतायला लागले तेव्हा माझे डोळे उघडले. उतारावर जमीनच दिसत नव्हती, नुसती मेंढरं. माझं गणित सपशेल चुकलं होतं, आणि का चुकलं तेही तिथंच उभ्या उभ्या कळलं. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. चारा असला की आमची माणसं विकत नाहीत, माद्या राखतात, कळप वाढवतात. समुद्रात मासे कमी लागले तर बहुतेक वेळा मासळी कमी झालेली असते. आमच्या माळावर कोकरं कमी विकली गेली म्हणजे मेंढरं भरपूर झालेली असतात. मेंढपाळाच्या घरात वाढून मला हे सुचू नये, म्हणजे कमालच. आता लस पुन्हा कमी येणार होती, आणि या वेळी माझ्या आकड्यानं. मला खरंच भीती वाटली.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. माणूस चांगला. म्हणाले, मागणी अजून गेलेली नाही, पण मला एक भरवशाचा आकडा द्या, वाटेल तेवढी लस मिळत नाही आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते.

मग मी आबांपुढे जाऊन बसले. त्यांना सांगितलं की बोटवालेही आमच्याशी असंच वागतात. चांगली मासळी कुठं लागली ते कुणी खरं सांगत नाही, दुसरा तिथं जाईल म्हणून. त्यावर आम्ही असं करतो की सगळ्या बोटींचे आकडे एकत्र मिसळून टाकतो, कुणाचं किती ते कुणालाच दिसत नाही. तसं ठरलं की तेही सांगतात. आबा म्हणाले, मिसळला तरी आकडा तो आकडाच, जित्राबाचा आकडा तोंडातून निघता कामा नये. मी विचारलं, बरं, मग काय मोजलेलं चालतं? ते हनुवटी खाजवत बसले. आई ज्वारी निवडत होती. आबांनी तिच्या सुपाकडे बघितलं.

"दाणं मोजायला कुणाची बंदी हाय?" ते म्हणाले.

तिथून पुढचं सगळं आबांनी केलं. स्वतः घरोघर फिरले. मला बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि चारचौघांत मोजल्याबद्दल बायकांचा माझ्यावर असलेला राग बघता ते बरंच होतं. सकाळी वाघर थोडीशीच उघडायची, मेंढरू बाहेर पडलं की घरातल्या बाईनं गाडग्यात एक दाणा टाकायचा. बोलायचं नाही, लिहायचं नाही. मग ते दाणे फडक्यात बांधून आमच्या घरी आणायचे आणि सगळ्यांसमोर एकाच परातीत ओतायचे. कुणाच्या फडक्यात किती होते ते एकदा ओतल्यावर देवालाही सांगता आलं नसतं. बायकांना हे काम एवढं आवडलं की चहाला बसल्या त्या उठेनातच. एकीच्या घरची ज्वारी संपली होती, तिनं बाजरी आणली. मी एक वाटी भरून दाणे मोजायचे आणि मग नुसत्या वाट्या मोजायच्या असं ठरवलं होतं. बाजरीचा दाणा बारीक, माझं माप बिघडलं. मग चाळण आणून बाजरी वेगळी काढली. ती बाई मला म्हणाली, एवढं शिकून शेवटी आईचीच कामं करतीयास.

आकडा निघाला. तो मी इथंही सांगणार नाही, कुणीतरी हे आईला वाचून दाखवेल आणि पुन्हा मीठ-मिरच्या निघतील. डॉक्टरांना फोनवर लिहून पाठवला. पाठवताना त्यात थोडा वाढावा धरला. मासळीचा अंदाज देताना आम्ही हात आखडता ठेवतो, कारण जास्त सांगितलं की जास्त पकडतात आणि समुद्र रिकामा होतो. लसीचं उलट. इथं चूक झालीच तर जास्तीच्या बाजूला झालेली परवडते.

लस टोचायच्या दिवशी देवळासमोर जत्रेसारखी गर्दी झाली. एकानं मेंढरू गुडघ्यात धरायचं, डॉक्टरांनी सुई मारायची, टोचून झालं की पाठीवर गेरूचा ठिपका. मेंढरांच्या बें-बेंचा एवढा गलका की डॉक्टर हातवारे करून बोलत होते. आबांनी आपला कळप सगळ्यांत शेवटी ठेवला. घरोघर फिरून आपण लोकांना गळ घातली, आता आपणच पुढं घुसलो तर बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. मागच्या वर्षीही ते असेच मागे राहिले होते. पण आबांशी वाद घालून कोण जिंकलंय?

त्यांचा कळप पुढे आला तेव्हा खोक्यात भरलेल्या बाटल्या थोड्याच उरल्या होत्या. मी रिकाम्या बाटल्यांकडे बघायचे, मग मेंढरांकडे. गेरूचा ठिपका नसलेली पाठ दिसली की पुन्हा भरलेल्या बाटल्या मोजायचे. कळप निम्मा झाला तेव्हा शेवटून दुसरी बाटली उघडली. आई देवळाच्या पायरीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. आबा कुणाकडेच बघत नव्हते, एकेक मेंढरू ओढून गुडघ्यात धरत होते. शेवटची बाटली उघडली. डॉक्टरांनी सुई भरली, टोचली, पुन्हा भरली, पुन्हा टोचली, आणि मग मान वर करून विचारलं, अजून आहेत का? नव्हती. आबांनी धरलेली ती शेवटचीच होती. बाटलीच्या तळाशी अजून थोडी लस शिल्लक होती.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आई तर सगळ्यांना चहाला बोलवत सुटली. आबांनी मेंढी सोडली, पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग बाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "तुझ्या आयनं टाकल्यालं दाणं... त्यातलं मूठभर म्या काडून घेतलं व्हतं. हात ऱ्हात न्हाई गं."

"ठावं हाय मला," मी म्हटलं. "बाकी गावावर माझा भरवसा होता, आबा. वाढावा धरला तो तुमच्याच नावाचा."