बेवारस प्रेतांचा कायदा

वकील लायसँडर टटलने अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधिमंडळात आयुष्यभरात एकच कायदा मंजूर करून घेतला. वैद्यकशाळेची पोरं चिरफाडीसाठी थडगी उकरायची आणि बड्या घरची मढीसुद्धा सोडायची नाहीत. टटलने त्यावर तोड काढली. जिल्ह्याच्या गरीबखान्यात, निराधारांच्या सरकारी आश्रयाला, जो मरेल आणि ज्याला न्यायला नातलग येणार नाही, त्याचं प्रेत वैद्यकशाळेला देऊन टाकायचं.

"त्यांच्यासाठी रडतंय कोण?" असं तो म्हणाला, आणि सगळं सभागृह खदखदून हसलं.

पुढे दारूपायी वकिली बुडाली, घर गेलं, आणि म्हातारा टटल त्याच गरीबखान्यात येऊन पडला. छाती घरघरायला लागली, तसं त्याने धुणं धुणाऱ्या केझायाला जवळ बोलावलं.

"बाई, मी गेलो की माझी बहीण आहेस म्हणून सांग. एवढं एक खोटं बोल माझ्यासाठी."

केझायाने हातातली चादर करकचून पिळली.

"माझा नवरा इथंच गेला, वकीलसाहेब. मी दारात उभी राहून सांगत होते, बायको आहे मी त्याची. लग्नाचा कागद दाखव म्हणाले, आणि नेलं त्याला चिरफाडीला. माझं खरं कुणी ऐकलं नाही, तिथं खोटं कोण ऐकणार?"